सतरा वटवाघळं, बारा पिशव्या

केवळाबाईला नोकरी लागली ती नवऱ्याच्या जागेवर. हणमंत पवळे नांदेडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र विभागाचा परिचर होता. २०१२ च्या मे महिन्यात छातीत कळ येऊन तो गेला. मग अडीच वर्षं कागद या टेबलावरून त्या टेबलावर हलत राहिले, आणि शेवटी अनुकंपा तत्त्वावर केवळाबाईच्या हातात आदेश पडला. शिक्षण दहावी. माहेर जळकोटकडचं, शेतकऱ्याचं. म्हशींच्या कासेभोवतालच्या गोचिड्या काढण्यात आणि खुडूक कोंबड्या अंड्यांवर बसवण्यात तिचं लहानपण गेलेलं.

पहिल्याच दिवशी विभागातल्या लिपिकानं तिला एक बादली आणि फडकं दिलं. म्हणाला, "हणमंत स्लाइडी बनवायचा. तुम्हाला ते जमायचं नाही. तुम्ही झाडलोट अन् पाण्याचं बघा."

"जमतंय का न्हाई ते केल्याबिगर कसं कळंल?" केवळाबाई म्हणाली.

बादली तिनं घेतली. पण झाडलोट अकराच्या आत उरकून ती रोज दयानंद सरांच्या टेबलाशी जाऊन उभी राहू लागली. दयानंद सर विभागप्रमुख. वटवाघळांच्या अंगावरचे परजीवी हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. माणूस मोठा अबोल, पण शिकवायला हात आखडता घेणारा नव्हता. आठवडाभर ती नुसती बघत उभी राहिली तेव्हा त्यांनी स्टूल पुढं सरकवलं आणि सूक्ष्मदर्शकातून तिला एक किडा दाखवला. बोटाच्या नखावर शंभर मावतील एवढा. आठ पाय, जाडजूड, टोकाला आकडे.

"हे माइट. वटवाघळाच्या पंखाच्या कातडीवरच जन्मतात, तिथंच रक्त पितात, तिथंच मरतात."

"म्हंजी गोचिडीचे भाऊबंद," केवळाबाई म्हणाली.

सर हसले. "अगदी बरोबर. त्याच खानदानातले."

वर्षभरात ती स्लाइड करायला शिकली. ओल्या ब्रशच्या टोकानं किडा उचलायचा, कुपीतल्या अल्कोहोलमध्ये सोडायचा, मग आम्लात ठेवून आरपार दिसेलसा करायचा आणि डिंकाच्या थेंबात काचेवर असा निजवायचा की आठही पाय मोकळे पसरले पाहिजेत. एक पाय दुमडला तर स्लाइड बाद. कारण जात ओळखायची ती पायांवरच्या केसांवरून, पाठीवरच्या ढालीच्या आकारावरून, पोटाखालच्या पट्टीवरून. विद्यार्थ्यांच्या दहातल्या चार स्लाइडी बिघडायच्या. केवळाबाईची क्वचित. तांदळातले खडे वेचलेली आणि सुईत एका झटक्यात दोरा ओवणारी बोटं होती ती.

नावं लॅटिन. ती तिनं पाठ केली, पण मनातल्या मनात स्वतःची नावंही ठेवली. फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळाच्या पंखावर असतो तो 'पंखवाला'. त्याच वटवाघळाच्या पापणीच्या कडेला आकडे रोवून बसतो तो 'डोळेवाला'. आणि किडे खाणारं, पानासारख्या नाकाचं जे छोटं वटवाघूळ, जळकोटकडं ज्याला पाकोळी म्हणतात, त्याच्या पंखावरचा तो 'बारका'. प्रत्येकाचं घर ठरलेलं. एकाच अंधाऱ्या खोलीत, एकाच छताला दोन्ही जातींची वटवाघळं वीतभर अंतरावर लटकलेली असली, तरी याचा किडा त्याच्यावर जायचा नाही. सरांनी हे सांगितलं तेव्हा केवळाबाईला त्यात नवल वाटलं नाही. खुडूक कोंबडीच्या पोटाखाली हात घातला की पिसवा मनगटापर्यंत चढायच्या, दिवसभर खाज सुटायची, आणि दुसऱ्या दिवशी एकही राहायची नाही. माणसाच्या अंगावर त्यांचं भागत नाही.

शिवांगी ही सरांची शेवटची पीएचडीची विद्यार्थिनी. हदगावच्या शिक्षक दांपत्याची मुलगी, हुशार, कष्टाळू, सतत घाईत. केवळाबाईला ती मावशी म्हणायची आणि डबा तिच्यासोबत खायची. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतल्या वटवाघळांवर कुठले माइट कुठल्या जातीवर राहतात, हा तिचा प्रबंध.

२०२३ च्या फेब्रुवारीत सर, शिवांगी आणि केवळाबाई हदगावजवळच्या एका बंद पडलेल्या कापूस जिनिंगच्या गोदामात गेले. वनखात्याची परवानगी होती, हातमोजे होते, तोंडाला मास्क होते. दिवसाउजेडीच, लांब दांड्याच्या जाळीनं छतावरची वटवाघळं अलगद काढायची, प्रत्येकाला कापडी पिशवीत ठेवायचं, पंख पसरून किडे वेचायचे आणि प्राणी जागच्या जागी सोडून द्यायचा. त्या दिवशी नऊ फळवाली आणि आठ पाननाकी मिळाली. सतरा वटवाघळं. पिशव्या होत्या बारा.

"आधीची नऊ तपासून सोडून द्या, त्याच पिशव्या वापरू," सर म्हणाले. तीन वाजत आले होते, परतीची गाडी चारची होती.

केवळाबाईनं रिकाम्या झालेल्या पाच पिशव्या उलट्या केल्या, दारात नेऊन झटकल्या आणि परत दिल्या. नोंदवहीत पिशवीचा नंबर लिहायचं काम तिचंच. एक ते बारा लिहून झाल्यावर तेराव्या ओळीपासून तिनं पुन्हा एक, दोन, तीन, चार, पाच असं लिहिलं.

पंधरा दिवसांनी प्रयोगशाळेत शिवांगीचा आनंदाचा चीत्कार ऐकू आला. पंधराव्या आणि सोळाव्या पाननाक्या वटवाघळावर चार पंखवाले सापडले होते! फळवाल्याचा किडा पाकोळीवर. सरांनी तासभर पाहून खात्री केली. जात तीच होती, शंकाच नव्हती. असं कुणी नोंदवलेलं त्यांच्या तरी वाचनात नव्हतं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर केवळाबाईनं त्या दिवशी पहिल्यांदा पोरासारखं हसू पाहिलं. पेढे आले. लेख लिहायला घेतला गेला.

चारही स्लाइडी केवळाबाईनंच केल्या, आणि तिथंच तिला खटकलं. किड्यांची पोटं रिकामी होती. पंखवाला नेहमी रक्तानं तट्ट फुगलेला, काळपट लाल असतो. हे चौघं कोरडे, चपटे. आणि पिल्लं कुठं होती? हा किडा अंडी घालत नाही, थेट पिल्लं देतो, त्यामुळं फळवाल्याच्या पंखावर मोठ्यांच्या जोडीला बारकी लेकरं असायचीच. इथं चार मोठे, बस्स. तिनं नोंदवही काढली. पंधरावं वटवाघूळ पिशवी नंबर तीनमध्ये. सोळावं चारमध्ये. आणि त्याच तीन-चारमध्ये आधी फळवाली होती.

ती सरळ सरांकडं गेली. "सर, ते किडे पिशवीतून चढले. झटकलं मी, पण त्यांचे आकडे कापडात रुतून बसतात. मीच कमी झटकलं."

सरांनी वहीतल्या ओळींवरून बोट फिरवलं. "चार किडे, केवळाबाई, दोन वेगळ्या प्राण्यांवर. योगायोग नसतो एवढा."

"योगायोग न्हाई म्हणूनच सांगून राहिले."

"तुम्ही स्लाइडी करा. निष्कर्ष आम्ही काढू."

लेख परदेशातल्या नियतकालिकाकडं गेला. ऑगस्टमध्ये तिकडून विचारणा आली: दावा मोठा आहे, प्रत्येक वटवाघूळ वेगळ्या स्वच्छ पिशवीत ठेवलं होतं काय? नोंदींची प्रत पाठवा, तिथं हजर असलेल्या तिघांच्या सहीनिशी.

दुसऱ्या दिवशी सरांच्या टेबलावर एक स्वच्छ पान होतं, शिवांगीच्या सुबक अक्षरात. पिशवी क्रमांक एक ते सतरा. सरांची सही झाली होती, शिवांगीची झाली होती. तिसरी जागा मोकळी होती.

केवळाबाईनं पान वरपासून खालपर्यंत वाचलं. पेन उचललं, आणि तसंच परत ठेवलं.

"मी सही करणार न्हाई."

"मूळ पान चुरगळलंय, डाग पडलेत, म्हणून नीट उतरवलंय फक्त," सर म्हणाले.

"उतरवलं न्हाई, बदललंय. बाराच पिशव्या होत्या सर. मी शिवलेल्या."

शिवांगी खाली बघत होती. सरांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "केवळाबाई, या पानात तुमचीही चूक झाकली जाते. कळतंय ना?"

"म्हणून तर न्हाई करायची. माझी चूक हाय, अन् ती कागदावर हाय तशीच ऱ्हाऊ द्या. झाकायला मी सांगितलं न्हाई कुणाला."

"या मुलीची साडेचार वर्षं आहेत यात."

"खोट्या किड्यावर तिला उभी करता अन् वरून मलाच साडेचार वर्षं सांगता?" ज्या माणसानं स्टूल पुढं सरकवलं होतं त्याच्याशी ती बोलत होती. पण शब्द तिनं मागं घेतला नाही. मूळ वही उचलून तिनं कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली सरांच्याच समोर ठेवली. "वही तुमची. सही माझी."

आठ दिवसांनी प्राचार्यांच्या कार्यालयातून निरोप आला: उद्यापासून पार्किंगच्या गेटवर बसायचं.

"तोंडी जाणार न्हाई," ती म्हणाली. "लेखी द्या. कारण लिहून द्या."

दोन दिवसांनी लेखी आलं. कारण: प्रशासकीय. तिनं त्या आदेशाची पोच देताना खाली लिहिलं, 'कारण समजले नाही, मान्य नाही', आणि गेटवर जाऊन बसली. दोन हात हजारो स्लाइडी करून थांबले होते, आणि आता मुलांच्या दुचाकी सरळ रेषेत लावत होते. येणारे-जाणारे कुजबुजत. लिपिकानं चहाच्या टपरीवर सांगितलं की बाई साहेबांना उलट बोलली. केवळाबाईनं ते ऐकलं आणि टपरीवर जाऊन सगळ्यांसमोर म्हणाली, "हाव, बोलले. काय बोलले ते बी सांगा की."

तिसऱ्या आठवड्यात शिवांगी आली. डोळे सुजलेले. नियतकालिकानं मुदत वाढवली होती, सर गप्प झाले होते, प्रबंध अडकला होता.

"मावशी, एक सही केली असती तर काय बिघडलं असतं तुमचं?"

"माझं न्हाई, तुझं बिघडलं असतं. धा वर्षांनी कुणीतरी पोरगी हुडकायला जाईल, तिला एक बी पंखवाला पाकोळीवर सापडायचा न्हाई, अन् ती तुझं नाव घेऊन हसंल."

"सापडलाच तर?"

केवळाबाई खुर्चीवरून उठली. "सापडला तर मी तुझ्या सरांची माफी मागीन, चारचौघांत. चल, हुडकू. माझ्या माहेरी बारव हाय. दोन्ही जातीची वटवाघळं एकाच खोलीत लटकतात. परवानगीच्या कागदावर लातूर जिल्हा बी हाय, मी वाचलंय."

शिवांगी तशीच निघून गेली. पण दिवाळीच्या सुट्टीत जळकोटच्या एसटीत ती केवळाबाईच्या शेजारी बसलेली होती. मांडीवर मांजरपाटाच्या ऐंशी पिशव्यांचं गाठोडं. केवळाबाईनं महिनाभर बसून त्या शिवल्या होत्या आणि प्रत्येकीवर लाल दोऱ्यानं नंबर घातला होता.

बारव गावाबाहेर होती, दगडी, पाणी आटलेली, तळाशी दोन अंधाऱ्या खोल्या. केवळाबाईचा भाऊ बजरंग शिडी घेऊन आला. मागोमाग गावातला मल्लिनाथ आला आणि काठावरून ओरडू लागला, "पाकोळ्या हलवू नका! रोग येतोय त्यांच्यापासनं. आम्ही धूर करून हाकलणार हाव ह्यांना."

केवळाबाईनं मास्क खाली ओढला आणि मान वर केली. "धूर केलास तर वनखात्याचा माणूस तुझ्याच दारी आणीन. आन् ह्यांच्या अंगावरचा किडा शेजारच्या वटवाघळावर बी नांदत न्हाई, तुझ्या अंगावर काय नांदणार? तू त्यांना हात लावू नको, खोलीत जाऊ नको, झालं."

"तुला लई कळतंय!"

"हाव, कळतंय."

चार दिवस त्या दोघी बारवेत उतरत होत्या. एकतीस फळवाली, अडतीस पाननाकी. एक वटवाघूळ, एक पिशवी. वापरली की बाजूला, पुन्हा हात नाही. संध्याकाळी ओसरीवर सगळे किडे भिंगाखाली वेगळे केले जात. फळवाल्यांवर पंखवाले, लेकराबाळांसकट. पाननाक्यांवर फक्त बारके. अडतिसांपैकी एकावरही पंखवाला नाही. रोज रात्री जेवताना शिवांगी कमी बोलू लागली, आणि चौथ्या दिवशी तिनंच म्हटलं, "मावशी, एवढ्यानं भागणार नाही. 'सापडला नाही' म्हणजे 'नसतो' असं होत नाही. तो पिशवीतून चढतो हे दाखवावं लागेल."

केवळाबाईनं तिच्याकडं पाहिलं. ही पोरगी आता परत कामाला लागली होती.

पाचव्या दिवशी त्यांनी मुद्दाम तेच केलं जे हदगावला नाइलाजानं झालं होतं. फळवाली काढून घेतलेल्या सहा पिशव्या केवळाबाईनं उलट्या केल्या, तशाच झटकल्या, आणि त्यांत सहा पाननाकी तासभर ठेवली. सहांपैकी तिघांवर मिळून पाच पंखवाले निघाले. शिवांगीनं ते वेचले नाहीत. तिन्ही वटवाघळांना एकेका स्वच्छ पिशवीत, सावलीत, सकाळपर्यंत राहू दिलं. सकाळी पाहिलं तर दोन किडे मेलेले, दोन किडे अंगावरून उतरून कापडावर भरकटत होते, आणि एक पंखाच्या कडेला होता, चपटा, रिकाम्या पोटाचा. एकानंही रक्त प्यालं नव्हतं. वटवाघळं सोडून दिली तेव्हा ती सरळ खोलीच्या अंधारात शिरली.

"हे हदगावच्या चौघांसारखंच दिसतं," शिवांगी भिंगावरून डोळा न काढता म्हणाली. मग तिनं वही ओढली आणि एकेका किड्याची नोंद लिहिली.

नांदेडला परतल्यावर शिवांगीनं कुप्या आणि वही सरांच्या टेबलावर मांडली. आत काय बोलणं झालं ते केवळाबाईला कधीच कळलं नाही; ती गेटवर होती. दोन दिवसांनी सरांची स्कूटर गेटाशी थांबली. त्यांनी हेल्मेट काढलं नाही.

"त्या पिशव्या नव्या होत्या ना?"

"नव्या. शिवून वीस मिनिटं उकळल्या."

"लेख मागं घेतलाय." एवढं बोलून त्यांनी स्कूटर सुरू केली.

"अन् मूळ पान, सर?"

"तेही पाठवलंय. डागासकट."

केवळाबाईला वाटलं होतं, आता आपल्याला परत बोलावतील. बोलावलं नाही. आदेश प्राचार्यांचा होता आणि तो रद्द करायला कुणी घाईत नव्हतं. तिनं अर्ज केला. उत्तर नाही. दुसरा केला. तिसऱ्या अर्जासोबत तिनं हदगावच्या वहीची आणि बारवेच्या वहीची छायाप्रत जोडली. चौथ्यावर आवक क्रमांक टाकल्याशिवाय ती लिपिकाच्या टेबलासमोरून हललीच नाही. दुपारची सुट्टी संपेपर्यंत उभी राहिली, आणि शेवटी त्यानं शिक्का मारला.

शिवांगीची जाहीर तोंडी परीक्षा २०२५ च्या एप्रिलमध्ये झाली. केवळाबाईनं अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा टाकली आणि तिसऱ्या रांगेत जाऊन बसली. लिपिकानं दारातून खूण केली, ही जागा प्राध्यापकांची. तिनं पाहिलं आणि पदर नीट करून बसून राहिली.

प्रबंधात एक सबंध प्रकरण चुकीच्या नोंदींबद्दल होतं: यजमान बदलला असं वाटतं तेव्हा आधी पिशवी तपासा. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंना तेच प्रकरण आवडलं होतं. त्यांनी विचारलं, "हा संशय प्रथम कुणाला आला?"

"आमच्या प्रयोगशाळेतल्या केवळाबाई पवळे यांना. त्या इथंच आहेत," शिवांगी म्हणाली.

सगळ्या माना वळल्या. केवळाबाई उभी राहिली.

"कशावरून आला?" परीक्षक बाईंनी थेट तिलाच विचारलं.

"पोटं रिकामी होती, मॅडम. अन् लेकरं नव्हती. जिथं किड्याचं घर असतं तिथं त्याची लेकरं असतात. हे पाहुणे होते, ते बी चुकून आलेले."

परीक्षक बाईंनी ते वाक्य लिहून घेतलं. मग त्या सरांकडं वळल्या. "पहिला लेख मागं घेण्याचं कारण हेच ना?"

दयानंद सर उठले. पुढच्या महिन्यात त्यांची निवृत्ती होती. "बारा पिशव्या होत्या. तशी नोंद होती. मी ती मानली नाही," ते म्हणाले आणि खाली बसले.

जूनमध्ये केवळाबाईला परत प्रयोगशाळेत घेतलं गेलं. आदेशात 'तात्पुरत्या स्वरूपात' असे शब्द होते. ते का, असं विचारणारा अर्ज तिनं रुजू झाली त्याच दिवशी दिला. शिवांगी आता लातूरच्या एका कॉलेजात शिकवते आणि विद्यार्थ्यांच्या बिघडलेल्या स्लाइडी डब्यात घालून नांदेडला घेऊन येते. मावशी त्या बघते, एकेक चूक सांगते आणि फटकारते.

गेल्या महिन्यात प्रयोगशाळा सहायकाच्या पदोन्नतीसाठी अर्ज मागवले होते. केवळाबाईनं भरला. पात्रता विज्ञान विषयासह दहावी होती, आणि ती तिच्याकडं होती. अनुभवाच्या रकान्यात तिनं वर्षं लिहिली, खाली ओळखू येणाऱ्या माइटच्या तेवीस जातींची नावं लॅटिनमध्ये लिहिली, एकही चूक न करता.

लिपिकानं अर्ज हातात घेऊन उलटसुलट केला. "केवळाबाई, आता पन्नाशी आली. कशाला ही धावपळ? वय तरी बघा."

"वय तिसऱ्या रकान्यात हाय," ती म्हणाली. "तुम्ही खालचं वाचा."